साबणदाणीतली पॉवरबँक

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. बाबा गावाहून आले आणि तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, ते उठायचं नावच घेईनात. मी हिंगण्याला कंपनीत, बायको शाळेत. आईला ताप भरला, दुखणं वाढलं, तर कळवणार बाबाच, आणि त्यांचा बटणांचा फोन कायम बंद. वॉर्डात चार खाटांमध्ये प्लग एकच. दुसऱ्याचा चार्जर काढून आपला लावायचा, हे बाबांच्या स्वभावात नाही. फोन लागला नाही की माझं कामातलं लक्ष उडायचं.

शहाण्या माणसानं दुकानातून पॉवरबँक आणली असती. पण मी पडलो घरातला इंजिनिअर, म्हणजे एकदा मिक्सर दुरुस्त केलेला माणूस. बर्डीच्या बाजारातून लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले चार स्वस्त सेल आणले, ते बसवायचा साचा आणला, बटण आणि दिवा असलेली चार्जिंगची छोटी सर्किटची पट्टी आणली. मीटर लावून पाहिलं तर एक सेल मेलेला. उरलेले तीन प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवले.

"अहो, हे घेऊन दवाखान्यात जाणार? वॉचमन दारातच हात वर करायला लावेल," बायको म्हणाली.

माझा फोन लावून पाहिला, झकास चार्ज झाला. तिचाही झाला. बाबांना साबणदाणी देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत दिसेल त्याला माझा पराक्रम ऐकवला.

दुपारी फोन लावला. बंद!

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो तो थेट वॉर्डात. आई बरी होती, उशीला टेकून बसलेली. बाबा मांडीवर साबणदाणी घेऊन, तिच्या बटणावर अंगठा ठेवून.

"हे झोपते गा," ते म्हणाले. "दोन मिनिटं झाले की दिवा विझते. दाबलं की उठते. दुपारी तुझ्या आईले चालवाले नेलं, तेवढा वेळ दाबता नाही आलं. फोनची बॅटरी जुनी, लगेच बंद पडला."

"सकाळपासून दाबून राहिले," आई म्हणाली. "मले पाणी पायजे का, हे बी विचारलं नाही."

"बाबा, मले सांगितलं काहून नाही?"

"तू एवढ्या हौसेनं बनवलं. म्हटलं, आपलंच काही चुकून राहिलं असंन."

चूक माझी होती. साधा फोन इतका थोडा करंट घेतो की पट्टीला वाटतं, समोर कोणी जोडलेलंच नाही, आणि ती बंद होते. दुकानदारानं हे सांगितलंही होतं. मी माझा फोन लावून पाहिला, बायकोचा पाहिला. ज्याच्यासाठी बनवलं, त्याचा नाही. 'बाबांना काही लागत नाही,' असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. मीही किती कौतुकानं म्हणत आलो.

मी समोरच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाला म्हटलं, "भाऊ, अर्धा तास प्लग मिळंल का?"

"घ्या ना! आमचा कवाचाच फुल झाला. कोणी मागितलाच नाही."

बाबांनी फोन लावला आणि जवळ उभे राहिले. पाच मिनिटं झाली नसतील, त्यांचा हात पिनेकडे गेला.

"झालं एवढ्यात. दुसऱ्या कोणाले लागत असंन."

"बसा तुम्ही," मी म्हणालो आणि त्यांच्या जागी प्लगपाशी जाऊन उभा राहिलो.