तीन टिंबांचा ब्रेक शू

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, परळमधल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि पक्कं बिल मिळालं म्हणून खूश होतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी दुसऱ्यांना दोष देणार आहे.

वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर लालबाग-परळच्या इमारतींमधले पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. त्यासाठीच सव्वाशे सीसीची मोटरसायकल घेतली, हत्यारांची पिशवी कायम तिच्या हँडलला. ती गाडी त्यांनी कधी मेकॅनिकच्या हातात दिली नाही. दर दोन महिन्यांनी डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीसमोर पोतं पसरायचं, ऑइल बदलायचं, चेन रॉकेलने धुवायची, ब्रेक उघडून बघायचे. आणि जो पार्ट बसवतील त्यावर पंच टेकवून हातोडीने तीन टिंबं मारायची, एका ओळीत.

ही गिरणीतली सवय. तिथे म्हणे प्रत्येक फिटरची आपली खूण असायची. मशीन परत अडलं तर शेवटचा हात कुणाचा लागला ते कळायला हवं. वडिलांची खूण तीन टिंबं. आमच्या कुकरच्या हँडलवरही ती आहे. आई म्हणायची, "उद्या पोरांच्या कपाळावर पण मारा."

मी ग्राहकांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहितो आणि वाटतो. 'पक्कं बिल मागा' ही ओळ माझी आहे. वडिलांचे गुडघे दुखायला लागले, पोत्यावरून उठताना चाकाचा आधार लागायला लागला, तेव्हा मी मागे लागलो, की बाबा, गाडी सेंटरला देऊया.

"कशाक?"

"बिल मिळतं. बिल असलं की हक्क असतो. तुमच्या कामाचं बिल कोण देणार?"

"माझ्या कामाक बिल लागत नाय. परत खोलूची पाळी इली तर शिव्या मीच खातंय."

दसऱ्याला त्यांनी नेहमीसारखं पिशवीतली हत्यारं, पाने आणि पंच पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. मग सोमवारी माझं ऐकलं आणि गाडी सेंटरला दिली.

तिथे आत जाता येत नाही. काचेबाहेर खुर्च्या आहेत, कॉफीचं मशीन आहे. मंगळवारी बिल आलं ते तीन हजार चारशेचं. जनरल सर्व्हिस, वॉशिंग, पुढचा ब्रेक शू नवीन, आणि किरकोळ साहित्य म्हणून एक रक्कम, ज्यात काय येतं ते विचारल्यावर काउंटरवरचा हसला. तेवढं सगळं घरी नऊशेच्या आत झालं असतं. वडिलांनी ब्रेकचा लिव्हर दाबून पाहिला. घट्ट होता. त्यांनी सही केली.

अकराव्या दिवशी चिंचपोकळीचा पूल उतरताना पुढे बस थांबली. वडिलांनी लिव्हर दाबला तो थेट मुठीला टेकला. सगळा जोर मागच्या ब्रेकवर आला आणि चाक घसरलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पंप उघडणाऱ्या माणसाच्या उजव्या मनगटाबद्दल बोलत होते ते.

गाडी मी ढकलत घरी आणली. वडील प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. मी सेंटरला काय काय सुनावणार ते सांगायला लागलो.

"आधी खोल," ते म्हणाले, "मगे बोल."

आमच्या घरात हा कायदा आहे. पंखा बंद पडू दे नाहीतर मिक्सर, बोलायच्या आधी खोलायचं. मी पोतं पसरलं, एक्सल काढला, पुढचं चाक उतरवलं. ब्रेकची प्लेट हातात आली. शूवरचं अस्तर घासून संपलं होतं, खालचा धातू दिसत होता. केबलचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला होता, म्हणून त्या दिवशी लिव्हर घट्ट लागला. शू फडक्याने पुसला. कडेला तीन टिंबं.

वडिलांनी तो डाव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"हो माझोच आसा," म्हणाले. आणि आईकडे चहा मागितला.

मी शू आणि बिल घेऊन सेंटरला गेलो. काउंटरवर माझ्याच वयाचा, तोच मुलगा.

"सर, हे आमच्याकडे नाही ना खोललं."

"घरी खोललं."

"मग कसं सांगणार आम्ही? नवा काढून जुना लावला असेल कोणी."

"आणि मनगट पण मुद्दाम मोडून घेतलं?"

"तसं नाही म्हणत सर. गाडी आहे तशी टेम्पोत टाकून आणली असती, तर तुमच्यासमोर खोलली असती ना."

खोटारडा होता, पण हे मात्र बरोबर बोलला. दुसऱ्या कुठल्याही घरात गाडीला हात न लावता आधी फोटो काढले असते, पंचनामा मागितला असता. आम्ही फिटरचे. आम्ही पुरावा पोत्यावर पसरून फडक्याने पुसला.

"काढलेला जुना शू कुठे जातो तुमच्याकडे?" मी विचारलं.

"भंगारात, सर. त्या दिवशी मागितला असता तर दिला असता."

मी न भांडताच घरी आलो. ग्राहक मंचात तक्रार केली आहे, तारीख पडते, पुढची पडते. पत्रक लिहायला बसलो तर पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही. राग कुठे ठेवला होता ते आठवत नाही असं काहीतरी होतं. प्लास्टर निघालं, पण मनगट वळत नाही, पाना धरला की सुटतो. पंपांची कामं दुसऱ्या माणसाकडे गेली. वडील खिडकीत बसतात. खालून एखादी गाडी गेली की म्हणतात, "चेन ढिली." एवढंच.

मागच्या रविवारी मी नवे शू बसवायला घेतले. ते खुर्चीवरून बघत होते. पंच उचलला, पहिलं टिंब मारलं, दुसऱ्यासाठी हातोडी वर केली.

"माझी खूण कशाक मारतंस?" ते म्हणाले. "काम तुझा आसा."

म्हणून एकच राहिलं. जरा तिरकं आहे.

तुम्ही पोत्यावर बसा असं मी सांगत नाही. वेळ नसतो, गुडघे नसतात, माहिती नसते. सेंटरला द्या. पण पक्क्या बिलाबद्दल मी जे लिहीत आलो ते अर्धंच होतं, ते फाडून टाका. बिल ते देतातच. पुढच्या वेळी गाडी घ्यायला जाल तेव्हा बिलात 'नवीन' लिहिलेल्या प्रत्येक पार्टचा जुना पार्ट काउंटरवर मागा. तो तुमच्या हातात येईपर्यंत सही करू नका.