रेन म्हणजे राज्य

इंग्रजीत 'रेन' असा उच्चार असलेले तीन शब्द आहेत. एक आभाळातून पडतो, दुसरा घोडेस्वाराच्या हातात असतो आणि तिसरा म्हणजे राजाची कारकीर्द, राज्य करणं. तिसऱ्यात एक 'जी' असतो, तो लिहायचा पण बोलायचा नाही. आमच्या जबलपूरच्या गोरखपूर भागात मी बायकांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास घेते, तिथे हे इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतसुद्धा सांगेन. पण गेल्या वर्षापासून हा तिसरा रेन आला की मला स्वतःची लाज वाटते.

माझं माहेर इथल्याच दीक्षितपुरा मोहल्ल्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. लग्न हिंदी घरात झालं, आडनाव बदललं, आणि क्लासमध्ये मला मराठी येते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. मराठी बायका मग इंग्रजी सोडून माझ्याशी मराठीतच बोलत बसतील, असं कारण मी स्वतःला देत असे. खरं कारण एवढंच की आमची मराठी 'काहून'वाली, 'करून राहिली'वाली, मधेमधे 'अच्छा' आणि 'चलो' पेरलेली. महाराष्ट्रातून आलेली माणसं ती ऐकून गालातल्या गालात हसतात. माझ्या बोलण्याला कुणी हसलेलं मला अजिबात खपत नाही.

त्या बॅचमध्ये साताऱ्याकडची एक बाई होती. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून नुकतीच आलेली, शहरातल्या गढा भागात भाड्याने राहणारी. पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत तिने सांगितलं होतं, मुलीच्या शाळेतल्या मीटिंगला सगळ्या आया इंग्रजीत बोलतात, ती मागच्या बाकावर गप्प बसते. मुलीला वर्गात फळ्यावरचं दिसत नाही, पुढे बसवा, एवढंच तिला शाळेतल्या बाईंना सांगायचं होतं. तीन आठवडे ती माझ्या क्लासमध्येही गप्पच बसली. रोज वही उघडायची, सगळं उतरवून घ्यायची, घरी जायची.

मग तो रेनचा दिवस आला. मी फळ्यावर शब्द लिहिला, अर्थ सांगितला आणि म्हटलं, चलो, एकेक वाक्य करा. कुणी अकबराचं केलं, कुणी राणीचं. आणि ही बाई आपणहून उभी राहिली. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "इन माय चाइल्डहूड, एव्हरी डे माय रेन. आय स्मॉल. ऑल हाइड. ओन्ली माय रेन. आय क्राय."

ती काय म्हणतेय ते मला त्याच क्षणी कळलं. लहानपणी गल्लीत हिंदी पोरांशी खेळताना आम्ही 'दाम' द्यायचो, पण घरात चुलत भावंडांशी लपंडाव खेळताना 'राज्य' यायचं. मीही सगळ्यांत धाकटी. सगळे लपून बसायचे आणि राज्य माझ्यावरच. मीही रडायचे. त्या खोलीतल्या बावीस बायकांमध्ये तिच्याखेरीज ते वाक्य समजणारी मी एकटी होते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं की मराठीत खेळात ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर राज्य येतं, इंग्रजीत त्याला रेन म्हणत नाहीत. बाईंनी चूक केली, पण किती छान चूक केली!

पण मला वर्गाला हसवायची खोड आहे. मी हात जोडून म्हटलं, "अरे वाह, महारानीजी! रोज़ आपका राज, तो फिर रोना किस बात का?"

वर्ग खो खो हसला. तीही हसली, म्हणजे तोंडाने हसली, आणि बसली. दुसऱ्या दिवसापासून बायका तिला महारानी म्हणू लागल्या. ती अजून दोन दिवस आली. मग आलीच नाही.

महिनाभर मी टाळलं. मग एका दुपारी रजिस्टरमधून पत्ता काढून गढ्याला गेले. रिक्षात मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवत होते. तिने दार उघडलं, दचकली, "आइए मॅडमजी" म्हणत खुर्ची पुसली.

मी बसलेही नाही. "मी माफी मागायला आली," म्हटलं. "तुम्ही लपंडावातलं राज्य म्हणून राहिल्या होत्या. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी हसली. माझं चुकलं."

ती हळू म्हणाली, "तुम्ही मराठी आहात?"

"हो. इथलीच."

"आणि तुम्हाला कळलं होतं?"

मी मान हलवली. मनावरचं ओझं उतरेल असं मला वाटत होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजलं, माझं ओझं मी तिच्या दारात आणून टाकलं होतं.

"मी घरी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली, "मॅडमचा काही दोष नाही. त्यांना मराठी कुठून येणार? मीच बावळट, मराठीचं इंग्रजी करायला गेले."

मी मूर्खासारखं विचारलं, शाळेच्या मीटिंगचं काय झालं?

"आता मिस्टर जातात."

"क्लासला या ना परत. मी सगळ्यांसमोर सांगीन."

तिने पदर नीट केला, अगदी त्या दिवशी केला होता तसा. आत जाऊन चहा घेऊन आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "चाय लीजिए, मॅडमजी. ठंडी हो जाएगी."

त्यानंतर मी तिथून निघेपर्यंत ती माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलली नाही.