देवमनची आगीची तलवार

मेडशीचा देवमन लाइनमन म्हणजे भलता हेकट माणूस. विजेच्या खांबावर चढला की काम संपल्याशिवाय उतरायचा नाही, आणि बोलणं सोडलं की पोटच्या पोरीशीही सोडायचा. धम्मदीपानं बँकेच्या परीक्षांचा नाद सोडला आणि पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हा एसटी स्टँडवर चारचौघांत तो तिला म्हणाला, "खेळच करायचा असन त मले तोंड दाखवू नोको." पोरगीही बापावरच गेलेली. तिनं खरंच तोंड दाखवलं नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला सुद्धा घरी आली नाही. आईला, म्हणजे अंजनाला, फोन करायची. बापाचं नाव निघालं की ठेवून द्यायची.

मग या बहाद्दरानं काय करावं? पोरगी संध्याकाळी कोणता गेम खेळते, कोणत्या नावानं खेळते, ते अंजनाकडून काढून घेतलं, आणि रिटायर झालेला हा गडी चष्मा लावून मोबाइलवर तलवार चालवायला शिकला. नाव घेतलं उदयसिंग, लाइनवरच्या जुन्या जोडीदाराचं. माइक कायमचा बंद. धम्मदीपा आणि तिच्या हापिसातला किशन एका टोळीत खेळायचे, त्या टोळीत हा हळूच शिरला. त्यांना वाटे, भाऊचा माइक खराब आहे. "उदयसिंगभाऊ, डाव्या अंगानं या," ती म्हणायची आणि देवमन मुकाट्यानं डाव्या अंगानं जायचा. लेकीचा आवाज कानावर पडायचा तो तेवढाच.

"बोलून टाका ना एकदाचे," अंजना म्हणायची.

"बोललो का गेली ते. मंग हे बी गेलं," देवमन म्हणायचा, आणि त्याला ते अगदी खरं वाटायचं.

खेळात मात्र तो पक्का झाला होता. नुसतं पोलाद चिलखतावर आपटून परत येतं. पण त्याच तलवारीला आगीचा मंत्र लावला तर घावाचा मार वेगळा आणि आगीचा वेगळा. चिलखत घाव अडवतं, आग अडवत नाही, आणि वार झाल्यावरही अंग जळत राहतं. फक्त समोर कोण आहे ते पाहायचं. बर्फाच्या राक्षसाला आग दुप्पट लागते. आगीच्या राक्षसाला तीच आग खाऊ होते, तो उलट ताजातवाना होतो. देवमनकडे आगीची तलवार होती, किशनकडे विजेची कुऱ्हाड. धम्मदीपाकडे साधा भाला, पण तो चालवणारी खेळातली बाई तिनं नोकरीला लागल्यापासून जिवापाड जपलेली. कारण या खेळात मेलं की संपलं, परत उठणं नाही.

त्या रविवारी दिवस मावळायच्या आत तिघं बर्फाच्या राक्षसाशी भिडले. धम्मदीपा समोरून त्याला झुलवत होती, किशन पाठीमागे, देवमन बाजूनं आगीचे वार घालत होता. राक्षस वितळू लागला. देवमनला आधी मोठा आनंद झाला, मग त्याचं लक्ष खाली गेलं. वितळलेलं पाणी उताराकडे वाहत होतं. धम्मदीपाची बाई त्यातच उभी होती, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि तिचं सगळं ध्यान वर राक्षसाच्या पंजाकडे.

"मी हाणतो आता, शेवटचा," किशन बोलला. त्यानं कुऱ्हाड उगारली. तिच्या पात्यावर वीज कडकडू लागली. राक्षसाच्या धुडामागून त्याला ना पाणी दिसत होतं, ना धम्मदीपा. आणि ओल्यात वीज पडली की ती आपला-परका बघत नाही, पाण्यात असेल त्याला धरते.

देवमननं लिहायची पाटी उघडली. निम्मा स्क्रीन तिनंच झाकला. अक्षर सापडेना, भलतंच उमटलं. कुऱ्हाड खाली यायला लागली. जन्मभर ओल्यात उभ्या माणसांना तारेपासून हाकललेला हा माणूस. त्याला समोर खेळ दिसेनासाच झाला, लेक दिसली. त्यानं माइक दाबला.

"दीपे, पान्यात हायेस तू! सरक मांगं!"

ती सरकली. कोण बोललं, काय बोललं, काही न विचारता, लहानपणी सरकायची तशी एकदम सरकली. वीज पडली, पाणी पांढरं झालं, राक्षस कोसळला. तिची बाई कोरड्या दगडावर धडधाकट उभी होती.

"कोन होतं हे?" किशननं विचारलं. काय समजायचं ते समजला असावा, कारण तो गुपचूप खेळातून निघून गेला.

देवमनचं बोट बाहेर पडायच्या बटणावर होतं. दाबवत नव्हतं.

"बाबा," धम्मदीपा म्हणाली. "रोज माह्या बाजूले उभे राह्यले, अन् एक शब्द नाही बोलले तुमी?"

"बोललो असतो त तू निघून गेली असती."

खेळात तिची बाई दगडावरून उतरली आणि उदयसिंगच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"नसती गेली, बाबा," ती म्हणाली.