सहा वर्षं, सहा पील

माझा नवरा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण त्या वर्षी मी ते कुणालाच सांगत नव्हते, आणि न सांगण्यात माणसाचा किती दम जातो ते मला पुरतं कळलंय. लग्न झालं तेव्हा मी एकतीस, तो पंचवीस. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि पुढं त्याच्या नोकरीमागं चेन्नईला आलो. मला वाटलं, विषय संपला. पण एकतीस आणि पंचवीस यांतला फरक कुणाला दिसत नाही, बेचाळीस आणि छत्तीस यांतला दिसतो.

तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता, मी नुंगंबाक्कमला एका ट्रेनिंग संस्थेत, आणि घर वेलचेरीत. त्याच्या कंपनीत दर वर्षी ‘फॅमिली डे’ व्हायचा. आदल्या वर्षीच्या फॅमिली डेला जेवणाच्या टेबलापाशी एक नवीन इंजिनीअर आला, मला वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाला, “सर, उंग अक्कावा?” म्हणजे, तुमच्या मोठ्या बहीण का?

नवरा हसला. नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेवढ्यात त्या इंजिनीअरला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. मी पानातलं पायसम, म्हणजे इकडची खीर, संपवलं, टाकलं नाही. घरी येताना नवरा बसमध्ये झोपला.

त्या माणसाचा मला राग नव्हता. त्यानं पाहिलं ते विचारलं. राग होता तो त्या हसण्याचा. विचारायचा धीर मात्र होत नव्हता, कारण विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर? मग मी दुसराच उद्योग सुरू केला. लिफ्टच्या स्टीलच्या दारात, शेअर ऑटोच्या आरशात, ऑफिसच्या काचेत, मिळेल तिथं चेहरा बघायचा. डोळ्यांच्या कडेच्या रेघा हसल्यावर दिसतात म्हणून हसणं कमी केलं. मग न हसल्यानं तोंड उतरलेलं दिसायला लागलं, म्हणून पुन्हा हसायला लागले. एका जागी पंधरा मिनिटं बसवेना. भाजी फोडणीला टाकून आरशासमोर जायचं आणि करपल्याचा वास आला की धावत परत यायचं, असं कितीतरी वेळा झालं.

ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून एक त्वचेचं क्लिनिक होतं. पाटीवर लिहिलं होतं, सुरीविना तारुण्य. एका बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी आत शिरले. डॉक्टरीणबाई तिशीच्या, गाल असे गुळगुळीत की मला त्यांच्यावर विश्वास ठेवावा की चिडावं ते कळेना. त्यांनी भिंग धरून माझा चेहरा पाहिला आणि सहा केमिकल पील सांगितले, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं. चेहऱ्याला सौम्य अ‍ॅसिड लावायचं, काही मिनिटं मुंग्या डसल्यासारखं होतं, मग वरचा मेलेला थर निघून खालची ताजी कातडी वर येते. “पण ती कातडी तान्ह्या बाळासारखी असते,” त्या म्हणाल्या, “फार जपायचं.” सोबत छापील कागद दिला. आठवडाभर ऊन नको, वाफ नको, ब्लीच नको, स्क्रब नको, बाहेरचं कुठलंही क्रीम नको. मी तो कागद पाठ केला.

गोळ्या वेगळ्याच. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, द्राक्षांच्या बियांचा अर्क आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. जन्मात अंडं न खाल्लेली मी, सकाळ-संध्याकाळ माशाचं तेल गिळायला लागले, आणि ते डाळीच्या डब्यांमागं दडवून ठेवायला लागले. त्यावर भिजवलेले बदाम, आवळ्याचा रस, पपई. पपईची नवऱ्याला शंका आली नाही, पण ढेकरांची आली. “आज मासळीबाजारातून आलीस का?” त्यानं विचारलं. मी खालच्या मजल्यावर ढकललं. खालचे लोक बिचारे शुद्ध शाकाहारी होते.

बुधवारी उशीर का होतो, यावर मी सांगितलं होतं, तमिळचा क्लास लावलाय. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळं मीच जास्त तपशील दिले: क्लास कुठं, शिकवायला कोण, फळ्यावर काय लिहिलं. तो खूश झाला. इतकी वर्षं इथं राहून आपली गाडी ‘वेण्डा’ आणि ‘पोदुम’, म्हणजे ‘नको’ आणि ‘पुरे’च्या पुढं गेली नाही, असं म्हणाला आणि रोज परीक्षा घ्यायला लागला. ‘उशीर झाला’ला काय म्हणतात? ‘मला आठवत नाही’ला काय म्हणतात? आता आली का पंचाईत!

म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या मामींकडं जायला लागले. मामी तंजावरच्या मराठी. चाळीस वर्षं इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या हेलात. मी त्यांच्याकडून तमिळ शिकत होते आणि त्या माझ्याकडून पुण्याकडच्या गोष्टी ऐकत होत्या. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी आरशाकडं जात नव्हते. त्यांच्या घरात आरसा एकच, तोही न्हाणीघरात.

पाचवं पील झालं तो बुधवार होता आणि येणाऱ्या रविवारी फॅमिली डे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौथ्या दिवशी चेहरा उजळेल. मी तारखा तशाच जुळवल्या होत्या. यंदा कुणी अक्का म्हणायला नको, आणि त्याला हसायला लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

शुक्रवारी मामींनी बोलावलं. आडी महिन्यातला, म्हणजे तमिळ आषाढातला शुक्रवार, त्यांच्याकडे सवाष्णींना हळद-कुंकू. मी सुट्टी घेऊन घरातच बसले होते, ऊन नको म्हणून. पण एक जिना चढायला ऊन कुठलं? गेले. आमच्याकडं बोटाच्या टोकानं कपाळाला हळद लावतात, म्हणून मी निर्धास्त होते. मामी आतून वाटी घेऊन आल्या. वाटीत ओली हळद, वर लिंबू पिळून कालवलेली. आणि त्यांनी तळवा भरून घेतला.

“मामी, नको,” मी मागं सरकले.

“हळदीला नको म्हणू नये गे,” त्या म्हणाल्या. “सवाष्ण आहेस तू. आमच्या घरात हे गालांलाच लावायचं.”

नको म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं. समोर इमारतीतल्या चार बायका बसल्या होत्या. आणि लबाडी बघा, माझं मन लगेच दुसरीकडून बोललं: कागदावर हळदीचं नाव कुठं आहे? हळद म्हणजे काय क्रीम आहे? हळदीनं तर कांती सुधारते, आजवर कुणाचं वाईट झालंय? मी गाल पुढं केले. मामींनी दोन्ही तळवे भरून लावलं. आग झाली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मला भरून आलं. त्यांनी माझी अलाबला घेतली.

लगेच धुवायला हवं होतं. पण लगेच हळद धुणं बरं दिसत नाही, म्हणून मी गाणी होईपर्यंत बसून राहिले. शनिवारी सकाळी दोन्ही गाल लाल-काळे झाले होते, मधूनमधून पिवळे, आणि बोटं ओढली होती तसेच पट्टे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “मंजळा? हळद?” एवढंच म्हणाल्या. कागदावर का नाही लिहिलं, असं मी भांडायला लागले, तर म्हणाल्या, “तिखट चोळू नका असंही नाही लिहिलेलं.” डाग जायला काही महिने लागतील. सहावं पील रद्द.

नवऱ्याला मी सांगितलं, कसली तरी अ‍ॅलर्जी. तेही खपलं असतं. पण दुपारी कुणाकडून तरी ऐकून मामी खाली आल्या, हातात खोबरेल तेलाची वाटी. माझा चेहरा बघून त्या दारातच खाली बसल्या.

“माझ्या हातानं झालं,” त्या म्हणू लागल्या. “काय पाप केलं मी मा, आडी शुक्रवारी सवाष्णीचं तोंड पोळवलं. माझा हातच तसला. म्हणूनच माझं कुणी राहिलं नाही.”

त्या सत्तर वर्षांच्या बाई माझ्या खोटेपणाचं पाप स्वतःच्या पदरात बांधून घेत होत्या. मला राहवेना. नवरा पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होता. मी त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. क्लिनिक, अ‍ॅसिड, पाच वेळा, माशाचं तेल, नसलेला क्लास. मामींनी ऐकलं, डोळे पुसले आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “वेडी की काय तू,” म्हणाल्या आणि वाटी घेऊन वर गेल्या.

आम्ही दोघं उरलो. तो विचारेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं विचारलं, “पण कशासाठी?”

मग मला राग आला. वर्षभराचा. “गेल्या फॅमिली डेला तो माणूस अक्का म्हणाला, तेव्हा तू हसलास का?” मी विचारलं. “हसलास का ते सांग आधी.”

तो विसरला असेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पाहून कळलं, तो एक दिवसही विसरला नव्हता. त्यानं तांब्या खाली ठेवला.

“लाज वाटली,” तो म्हणाला.

“माझी?”

“हो.” मग तो म्हणाला, “तो तिथून गेला आणि मला माझीच वाटायला लागली. तुला सांगता येईना. तू पायसम संपवलंस, तेव्हा मला वाटलं, तुला ऐकूच आलं नसेल. बसमध्ये मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून बसलो होतो.”

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी घर डोक्यावर घेईन. तसं काही झालं नाही. जे वर्षभर आम्ही एकमेकांपासून लपवत होतो, ते आता दोघांना माहीत होतं. माझे खांदे खाली आले. मी जमिनीवर बसले, आणि मला रडू फुटलं.

“रडू नकोस,” तो घाबरून म्हणाला. “गालावर पाणी आलं की चुरचुरेल.”

“चुरचुरू दे,” मी म्हटलं आणि पोटभर रडले. तो माझ्याजवळ बसून राहिला.