लोंढे सरांची सहाची बॅच

आमच्या मैदानाच्या पायऱ्यांवर चार जणी बसल्या आणि लोंढे सरांचा किस्सा निघाला नाही, असं होतच नाही. एकीनं एक सांगितला की दुसरी म्हणते, “हे काहीच न्हाय, माझा ऐक!” सर जाऊन सहा महिने झाले, पण किस्से काही संपत नाहीत. उलट वाढतातच. मला वाटतं, सर असताना आम्ही ते जगत होतो, त्यामुळे सांगायला वेळच नव्हता.

तर आधी सर कोण, ते सांगते. शमुवेल लोंढे, शाळेतून रिटायर झालेले पी.टी.चे शिक्षक. रोज सकाळी सहाला मुलींना फुटबॉल शिकवायचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेतली पोरं, स्टेडियम आणि आरडाओरडा. मुलींची बॅच म्हटलं की लोक हसायचे. सर हसणाऱ्यांनाही “गुड मॉर्निंग” म्हणायचे.

सर गेले आणि महिन्याभरात मैदानाच्या ट्रस्टच्या कमिटीचं पत्र आलं. मेअखेरपर्यंत सर्टिफिकेट असलेला कोच आणा, नाहीतर मुलींची बॅच बंद आणि मैदान शेजारच्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगला! आम्ही आयांनी त्याच दिवशी ठरवलं, बॅच बंद पडू द्यायची नाही. ठरवणं सोपं होतं. पण पुढचं पुढं सांगते.

*

माझी प्राजक्ता पहिल्यांदा मैदानात गेली, तेव्हा सात वर्षांची होती. मी तिला शिकवून आणलेलं, “सरांच्या पाया पडायचं.” ती वाकली, तर सर दोन पावलं मागं!

मला वाटलं, काही चुकलं. ख्रिस्ती माणूस, त्यांच्यात चालत नसेल.

सर म्हणाले, “बाळ, माझ्यापुढं वाकायचं नाही. वाकायचंच असेल तर लेस बांधायला वाक. सुटलीय बघ.”

आज ती गोलकीपर आहे. अजूनही मॅचच्या आधी तीन वेळा लेस तपासते. अभ्यासाचं पुस्तक मात्र एकदाही तपासत नाही!

*

मॅचच्या आधी सर सगळ्यांना गोल उभं करून डोळे मिटायचे आणि प्रार्थना करायचे. कुणाला लागू नये, कुणाला राग येऊ नये, समोरच्या मुलींनाही काही होऊ नये. शेवटी मुली म्हणायच्या, “आमेन!”

आमच्यात शोभाकाकू म्हणून आहेत. घरी आठ म्हशी, मुलगी गौरी आमची फॉरवर्ड, आणि आवाज असा की रंकाळ्यावर बोलल्या तर बिंदू चौकात ऐकू यावं! एकदा त्यांनी सरांना विचारलंच, “सर, एवढं सगळं मागता, मग जिंकायचं का मागत न्हाय?”

“समोरच्या पोरींच्या आयासुद्धा तेच मागत असणार की. देवाला कशाला पेचात टाकायचं?”

काकूंना ते काही पटलं नाही. पुढच्या मॅचला मुलींचं “आमेन” झालं, आणि पायरीवरून काकूंनी आपल्या पदरचं जोडलं, “जोतिबाच्या नावानं चांगभलं!”

आम्ही सरांकडं बघायला लागलो. सरांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, “तेवढं राहिलंच होतं. चला!”

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. “आमेन” झालं की लगेच “चांगभलं”. बाहेरगावच्या टीमला वाटायचं, ही एकच प्रार्थना आहे!

*

इतर टीममध्ये मॅच संपल्यावर मॅचचा चेंडू कुणाला मिळतो? जिनं गोल मारला तिला. आमच्यात उलटं. जिच्या चुकीनं मॅच गेली, तिनं चेंडू घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सहाला परत आणायचा.

वारणानगरच्या टीमविरुद्ध गौरीनं पेनल्टी घालवली. गोलपोस्ट राहिली एकीकडं, चेंडू गेला उसाच्या ट्रॉलीत! ती रडत म्हणाली, “मी आता खेळणार न्हाय. उद्यापासनं येत न्हाय.” सरांनी तिला समजावलं नाही की काही नाही. चेंडू तिच्या हातात दिला आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तिचे वडीलच तिला हलवायला लागले, “ऊठ की गं! लोकांचा चेंडू हाय घरात!”

गौरी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण आली. अजून येते.

काकूंनी सरांना विचारलं, “ही आयडिया कुठनं आणली?” सरांनी बायबलातली गोष्ट सांगितली. शंभर मेंढरं असतात, त्यातलं एक हरवतं, आणि मेंढपाळ नव्व्याण्णव तिथंच ठेवून त्या एकाला शोधायला जातो.

काकूंनी सगळी गोष्ट नीट ऐकली आणि म्हणाल्या, “सर, तुमच्या देवाचं बरं हाय. माझी म्हैस हरवली की नेमकी दुसऱ्याच्या उसात घावती! आणि वर शिव्या मलाच!”

“मग आणायला जाता की नाही?”

“जाते की! न जाऊन सांगतो कुणाला?”

“झालं तर,” सर म्हणाले.

*

गारगोटीची मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटची दोन मिनिटं, एक-एक बरोबरी. समोरच्या पोरीनं मारलेला चेंडू प्राजक्तानं झेप घेऊन अडवला. त्यांच्या मुली ओरडल्या, “गोल! रेषेच्या आत गेलता!” रेफरी लांब होते, त्यांना दिसलं नव्हतं. आमचे लोक ओरडायला लागले, “कसला गोल! चला, खेळा पुढं!”

सर कडेला उभे होते. तिथून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, “प्राजक्ता, आत होता का?”

मनात म्हटलं, पोरी, न्हाय म्हण.

“व्हय सर,” ती म्हणाली. “वीतभर आत होता.”

रेफरींनी गोल दिला. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत एक पालक सरांवर भडकले, “सर, तुम्ही नक्की कुठल्या टीमचं? आमच्या का त्यांच्या?”

“मी प्राजक्ताच्या टीमचा,” सर म्हणाले.

मी मनात “न्हाय म्हण” म्हटलं होतं, ते मी सरांना कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

*

सर हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा आम्ही आया पाळीपाळीनं भेटायला जायचो. तब्येत विचारली की सर ते उडवून लावायचे आणि उलट आम्हालाच विचारायचे, “आज किती जणी आल्या होत्या?”

खरं म्हणजे मुली कमी झाल्या होत्या. सर नाहीत, तर कशाला उठायचं! त्या दिवशी बावीसपैकी चारच आल्या होत्या. पण आजारी माणसाला कसं सांगायचं? शोभाकाकू म्हणाल्या, “सगळ्या आल्यात्या सर.”

सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “शोभाताई, खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो.”

काकू बाहेर येऊन जिन्यात बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसले, फोन काढला आणि एकेका घरी फोन लावला. काय बोलल्या ते लिहिता येणार नाही!

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या दारातूनच त्या ओरडल्या, “सर, बावीस!”

दोन नर्स धावत आल्या. सर मात्र एवढे हसले, की त्यांना खोकला आला.

*

पुढच्याच आठवड्यात सर गेले. दफनभूमीत आम्ही सगळ्या होतो. मुली जर्सी घालून आल्या होत्या. आमच्यापैकी कुणालाच तिथल्या रीती माहीत नव्हत्या. सरांच्या पत्नी रूथमावशी जसं करतील तसं आम्ही करत होतो. त्यांनी मूठभर माती टाकली, आम्हीही टाकली.

चर्चच्या पाळकांनी शेवटची प्रार्थना केली. सगळे म्हणाले, “आमेन.”

आणि त्या शांततेत मागून खणखणीत आवाज आला, “जोतिबाच्या नावानं चांगभलं!”

शोभाकाकूंनी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग! आठ वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. पाळक थांबले. सरांचे नातेवाईक वळून बघायला लागले. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आम्ही दोघींनी आत जावं.

रूथमावशींनी डोळ्यांचा रुमाल खाली घेतला. पाळकांना म्हणाल्या, “पुढं चालू द्या. त्यांना असंच लागायचं.”

*

आता कमिटीच्या पत्राचं. सर्टिफिकेटवाला कोच शोधायला आम्ही सगळीकडं फिरलो. कुणाला वेळ नव्हता, कुणाला मुलींना शिकवायचं नव्हतं. मे महिना लागला. पायऱ्यांवर आमची मीटिंग झाली. शोभाकाकू म्हणाल्या, “कोर्स करायला दहावी पास लागतंय. आमच्यात दहावी पास, वही-पेन घेऊन बसणारी तूच हायस. जा!”

मी सेहेचाळीस वर्षांची. घरी साड्यांना फॉल-पिको करते. आयुष्यात चेंडूला पाय लावला तो फक्त घरात आडवा आला म्हणून! पण कमिटीचं पत्र मी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, ते रोज दिसत होतं. गेले.

सहा दिवसांचा कोर्स. चोवीस जण, त्यात तेवीस पंचविशीच्या आतली पोरं. शिकवणारे आणि परीक्षा घेणारे साहेब पुण्याचे, कडक. ओळख करून देताना मी सगळं खरं सांगून टाकलं, की सर्टिफिकेट मिळालं नाही तर एक तारखेला आमची बॅच बंद होणार. साहेब म्हणाले, “मॅडम, नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, “बरोबर आहे.”

पाच दिवस मी त्यांच्याबरोबर पळाले. गुडघ्यांना काय झालं ते विचारू नका.

सहाव्या दिवशी प्रॅक्टिकल. प्रत्येकानं वीस मिनिटं बाकीच्यांना खेळाडू समजून शिकवायचं. माझा नंबर शेवटून दुसरा. वहीत सगळं लिहून नेलं होतं, प्लास्टिकचे कोन कुठं ठेवायचे, पास कसा द्यायचा. शिट्टी वाजवली, तर नुसतीच हवा गेली! पेठेच्या टीमचा ओंकार म्हणून एक उंच पोरगा होता, तो ओरडला, “काकू, लवकर आवरा की! चहा राहिलाय!” सगळे हसले.

पोरं पास द्यायला लागली. पायरीवर बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर सगळ्यात आधी पाय येतात. आठ वर्षं मी तेच बघत आले. चार मिनिटं झाली आणि मी म्हणाले, “ओंकार, थांब. डावा बूट काढ.”

“का? काय न्हाय झालं, काकू.”

“काढ.”

कडेनं साहेबांचा आवाज आला, “मॅडम, घड्याळ चालू आहे. सेशन पूर्ण झालं नाही तर मार्क नाहीत.”

मला सगळं दिसत होतं. कमिटीचं पत्र, पार्किंग, पायरीवर वाट बघत बसलेल्या बाया. पण पोरगा टाच टेकवत नव्हता, तेही दिसत होतं. मी खाली बसले आणि त्याची लेस मीच सोडली. मोजा टाचेला चिकटला होता. ओंकार हळूच म्हणाला, “काकू, साहेबांस्नी सांगू नगा. तीन दिवस झालं. बाद करतील मला.”

माझ्या बाटलीत पिण्याचं पाणी होतं. ते ओतून मी मोजा भिजवला, सावकाश सोडवला, टाच धुतली. पदरानंच पुसली. पिशवीत कापूस आणि पट्टी असतेच, आईच्या पिशवीत असते. बांधून झालं. कुणी हसत नव्हतं.

साहेब वही घेऊन जवळ येऊन उभे राहिले. “मॅडम, तुमचं सेशन झालंच नाही.”

“व्हय,” मी म्हणाले.

“मग मी वहीत काय लिहू?”

“ते तुमचं तुम्ही बघा, साहेब. ह्याला आठ दिवस खेळवू नका, एवढं मात्र लिहा.”

साहेबांनी वाकून ती टाच बघितली. मग पोरांकडं वळून म्हणाले, “सगळ्यांनी बूट काढा.”

कुणी हलेना. मग एकानं काढला, मग दुसऱ्यानं. सात जणांच्या टाचा सोललेल्या होत्या.

साहेबांनी वहीत माझ्या नावापुढं एक ओळ लिहिली आणि वही मिटली. “तुमच्या कमिटीला कळवा, मॅडम, एक तारखेच्या आत सर्टिफिकेट मिळेल. आता आधी ह्यांचं बघू.”

आणि ते बाह्या वर सारून पहिल्या पोरापुढं गुडघ्यावर बसले.

“पाणी किती आहे?” त्यांनी विचारलं.