नदी अजून कशी आली नाही?

सौदीतल्या यान्बूला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मलेशियातल्या मलाक्काची एक बाई एकटीच राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. माझ्या नवऱ्याच्या कंपनीच्या दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर ती कितीतरी वर्षं होती. मलय भाषेत मोठ्या बहिणीला ‘काक’ म्हणतात, म्हणून मीही तिला काकच म्हणायचे. आम्ही दापोलीकडचे. माझी आई फोनवर विचारायची, “तो काका बरा आहे ना गं?” आणि मी हसून हसून थकायचे.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत मलाक्काला जायचं आम्ही ठरवलं. काकला कोण आनंद झाला. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने मोठ्या कागदावर नकाशा काढला. मधून वळणं घेत जाणारी नदी, नदीकाठचा लाल इमारतींचा चौक, मागची टेकडी, टेकडीवरचं छप्पर उडालेलं जुनं चर्च, आणि पलीकडे समुद्रात खांबांवर उभी असलेली मशीद. “चर्चच्या आत भिंतींना टेकवून थडग्यांचे दगड उभे केलेत, माणसापेक्षा उंच. तिथे लेकीचा हात सोडू नकोस, दगडांवर चढायला बघेल. आणि मशिदीत भरतीच्या वेळी जा, पाण्यावर तरंगते.”

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. “मलाक्काला कधी जाताय? थांब, नकाशाच काढून देते.” मला वाटलं, पहिला दिल्याचं विसरली असेल. मी गुपचूप कागद पुढे केला. या नकाशात नदी टेकडीच्या पलीकडून जात होती आणि मशीद चौकात आली होती. काक मात्र तितक्याच ठामपणे सांगत होती. तेच वाक्य, तोच स्वर, “तिथे लेकीचा हात सोडू नकोस.”

रात्री नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. “हिच्या भरवशावर गेलो तर समुद्रात पडू,” तो म्हणाला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग लेकीला खोकला झाला. डॉक्टरांनी सिरप फक्त झोपताना द्यायला सांगितलं होतं. बाटलीवर काकच्या हातची चिठ्ठी होती: दिवसातून तीन वेळा. डॉक्टरांनी नंतर बदललं असेल असं समजून मी तसंच दिलं. पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेना. डोळे उघडायची, माझ्याकडे परक्यासारखं बघायची आणि पुन्हा मिटायची. संध्याकाळी ती उठून खायला मागू लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी बाटली कचऱ्यात टाकली आणि कुणालाच काही बोलले नाही. काकची चूक असेल हे मनात आलं होतं. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी काक मला आणि लेकीला जुन्या यान्बूत घेऊन गेली. बंदराजवळची प्रवाळाच्या दगडांची घरं आता दुरुस्त करून लोकांना बघायला खुली केली आहेत. लाकडी जाळीच्या खिडक्यांपाशी ती खूप वेळ उभी राहिली. “आमच्याकडेही अशीच घरं आहेत, जहाजांमधून आलेल्या लोकांची,” ती म्हणाली. तिचा चेहरा शांत होता.

परतीचा रस्ता वीसेक मिनिटांचा. गाडी ती चालवत होती. आमच्या वसाहतीकडे वळायचा फाटा आला आणि मागे गेला.

“काक, आपला फाटा गेला.”

“माहीत आहे मला.”

पेट्रोल भरायचं असेल, असं मला वाटलं. पेट्रोलपंपही मागे पडला. रिफायनऱ्यांच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा भर उन्हात फिकट दिसत होत्या, त्याही मागे गेल्या. मग नुसता सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू आणि कुंपणापलीकडे चार-दोन उंट. स्टीअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती. पेट्रोलचा लाल दिवा लागला होता.

“मम्मा, व्हेअर आर वी गोइंग?” मागून लेक म्हणाली.

मी उत्तर देण्याआधी काक स्वतःशीच पुटपुटली, “नदी अजून कशी आली नाही?”

या अख्ख्या देशात नदी नाही. बाजूने ट्रेलर धडधडत जात होते. मी जमेल तेवढ्या हलक्या आवाजात म्हटलं, “काक, लेकीला उलटी होतेय. गाडी बाजूला घ्या.”

तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, अगदी नीट गाडी थांबवली. मी किल्ली काढून घेतली. नवऱ्याला फोन करून जागा कळवली. तो येईपर्यंत पाऊण तास ती समोर बघत बसली होती. मग एकदम भानावर आली आणि माझा दंड धरला.

“तुला कळलं ना?”

“कधीपासून होतंय हे?”

“वर्ष झालं असेल. नकाशे त्यासाठीच काढते. गाव अजून आठवतंय का ते बघायला.” ती रडत नव्हती. “औषधाचं प्रत्येक पाकीट तीनदा वाचून देते मी. अजून कुणाला काही झालेलं नाही.”

मी मागे बघितलं. लेक खिडकीतून उंट बघत होती.

“झालंय, काक,” मी म्हटलं आणि सिरपचं सांगितलं.

तिने माझा दंड सोडला. म्हणाली, “कुणाला सांगू नकोस. नोकरी गेली की इकामा गेला, इथे राहायचा परवानाच गेला. इथून गेले तर मी कोण आहे?”

“उद्या काउंटरवर जाऊ नका. तुम्ही डॉक्टरांना सांगा. नाहीतर मी सांगेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुढे तपासण्या, कागदपत्रं, देश कायमचा सोडायचा फायनल एक्झिट व्हिसा. त्या दोन महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. विमानतळावर न्यायला तिचा भाऊ आला होता. आमच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार बंद होताना मी हात हलवला. तिने मान वळवली.

डिसेंबरात आम्ही मलाक्काला गेलोच. भावानेच आग्रह केला होता. काकने मला मिठी मारली, पण ओळख कितपत होती कोण जाणे. आश्चर्य म्हणजे गाव तिला पाठ होतं. लाल चौक, नदीतली बोट, टेकडीवरचे ते उंच दगड, सगळं तिने न चुकता दाखवलं. कर्कश गाणी वाजवत जाणाऱ्या फुलाफुलांच्या सायकलरिक्षांमधून रस्ता काढत ती पुढे, आम्ही मागे. भाऊ मला हळूच म्हणाला, “रोज पहाटे तयार होऊन बसते. ड्युटीला उशीर होतोय म्हणते.”

संध्याकाळी समुद्रातल्या मशिदीपाशी आम्ही दोघीच कठड्याला टेकून उभ्या होतो. खाली भरतीचं काळं पाणी खांबांवर आपटत होतं. काकने माझा हात हातात घेतला आणि कानाशी लागली.

“माझ्या शेजारी एक बाई राहते. इंडियन आहे. वागायला चांगली आहे. पण मी इथे आहे हे तिला कळू देऊ नकोस. ती सांगून टाकते.”

“नाही सांगणार, काक,” मी म्हटलं.

तिने समाधानाने मान डोलावली. माझा हात मात्र तिने गाडीपर्यंत सोडला नाही.