बोली लावणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे

साठ हजारांवर लिलाव बंद झाला आणि त्यानंतर खरेदीदार फोनच उचलेना.

मी डहाणूत राहते. तलासरीकडच्या पाड्यांवरच्या बायकांची वारली चित्रं ऑनलाइन लिलावात विकणं हे माझं काम. फोटो काढायचे, मापं लिहायची, लिलाव लावायचा, पैसे जमा झाले की गुंडाळी करून कुरिअरला द्यायची. विक्रीवर माझं कमिशन. त्याआधी मी एका पतपेढीत वसुलीला होते. त्यामुळे न उचलल्या जाणाऱ्या फोनची मला सवय आहे, आणि त्याची चीडही तेवढीच आहे.

चित्र लाडकीमावशीचं होतं. म्हणजे नाव तिचं, हात चार जणींचे. भातकापणी उरकल्यावर त्यांनी एक महिनाभर बसून ते कापडावर काढलं होतं. गिऱ्हाइकांना नेहमी तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच हवा असतो. मावशीला त्याचा कंटाळा आला होता. तिने ओहोळात खेकडे पकडणाऱ्या बाया काढल्या. कुणी दगड उचलतेय, कुणाच्या बोटाला खेकडा लटकलाय, एक जण नुसती हसत बसली आहे. माझ्या हातून इतकी चित्रं गेली, पण एवढं चांगलं दुसरं नव्हतं.

साठ हजार ऐकून मावशी म्हणाली, "मग गेला आता तो." आणि तिने तसंच धरलं. दुसऱ्या दिवशी वापीकडून आलेलं एक कुटुंब पाड्यावर थांबलं, त्यांना चित्र आवडलं, त्यांनी तिथल्या तिथे रोख चाळीस हजार काढले. मावशीने त्यांना कोरा चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. का, तर कुणीतरी बोली लावली आहे. त्यांचा नंबरही घेतला नाही.

मी कपाळावर हात मारला. "अगं, निदान मला फोन करायचास."

"तुना कशाला करू? विकलेला माल परत कसा विकाचा?"

तिचं चूक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. ऑनलाइन लिलावात बोली म्हणजे नुसतं एक बटण असतं हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

पैसे भरायची मुदत उलटली. वेबसाइटच्या मॅनेजरचा मला फोन आला. गोड बोलणारा मुलगा होता.

"मॅडम, बायरने पेमेंट केलं नाही ना? नो टेन्शन. तुम्ही सेकंड चान्स ऑफर पाठवा."

सेकंड चान्स ऑफर म्हणजे असं, की पहिल्याने पैसे बुडवले तर त्याच्या खालच्या बोलीवाल्याला त्याच्या बोलीच्या भावात वस्तू द्यायची. मी खालची बोली पाहिली. अकरा हजार. मध्ये कुणीच नव्हतं.

"अकरा आणि साठच्या मध्ये एकही माणूस नाही?" मी विचारलं.

"होतं असं कधीकधी, मॅडम. अकरा इज बेटर दॅन झीरो."

मी ऑफर पाठवली. हो, पाठवली. चार बायकांची महिन्याची मेहनत घरात पडून राहील, याची मला धास्ती होती. ऑफर जाते न जाते तोच ती स्वीकारलीही गेली, आणि सोबत निरोप आला: फ्रेम नको, गुंडाळी करा, रिसॉर्टच्या मागच्या गेटवर द्या, पुढे पाहुण्यांच्या गाड्या असतात.

हा निरोप मी आधी वाचला होता. साठ हजारवाल्याने लिलाव चालू असताना मला हेच विचारलं होतं. तोच समुद्रकाठचा रिसॉर्ट, तेच मागचं गेट.

मग डोक्यात प्रकाश पडला. ही एक जुनी लबाडी आहे. एकाच माणसाची दोन खाती. एका खात्यातून खरी, छोटी बोली लावायची. लगेच दुसऱ्या खात्यातून एकदम आभाळाला टेकणारी बोली लावायची. आकडा बघून बाकीचे वाटेला जात नाहीत. लिलाव संपला की मोठ्या खात्याने तोंड फिरवायचं, आणि छोट्याने सेकंड चान्समध्ये वस्तू फुकापासरी उचलायची. पतपेढीत मी नाना तऱ्हेचे थकबाकीदार पाहिले, पण बुडवण्यासाठीच बोली लावणारा पहिल्यांदा भेटला.

मॅनेजरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, पण प्रूफ काय? एकाच रिसॉर्टचे दोन लोक असू शकतात. आणि ते आमचे प्रीमियम बायर आहेत."

"मी ऑफर रद्द करतेय."

"आता करू नका, त्यांनी ॲक्सेप्ट केलंय. सेलरकडून कॅन्सल झालं तर तुम्हाला रेड मार्क बसेल. तुमचे ऑलरेडी दोन आहेत. तिसऱ्याला अकाउंट तीन महिने फ्रीज होतं."

ते दोन मार्क पावसाळ्यात कुरिअर उशिरा पोचल्याचे होते. आणि पुढचे तीन महिने म्हणजे थंडीचा सीझन, आमच्या वर्षाची अर्धी विक्री.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. वेबसाइटवर प्रत्येक चित्राचा शेवटचा भाव सगळ्यांना दिसतो. मुंबईचे व्यापारी पाड्यावर येतात तेव्हा तोच आकडा मोबाइलवर दाखवतात आणि म्हणतात, बघा, तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या बाईचं चित्र एवढ्याला गेलं. अकरा हजार एकदा तिथे लागले की मावशीच नव्हे, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या प्रत्येक बाईचा भाव तिथून खाली मोजला गेला असता.

मी लगेच तलासरी गाठली. पाड्यावर चौघींना बसवून सगळं सांगितलं. अकरा हजार घेतले तर भाव पडेल, नाही घेतले तर सीझन जाईल. मग मावशी म्हणाली, "सीझन परत येल. भाव नाय येत."

मी त्यांच्यासमोरच ऑफर रद्द केली. संध्याकाळपर्यंत अकाउंटवर लाल पट्टी आली. ती बघून मला भीती वाटायला हवी होती. मला भलताच हुरूप आला.

दोन दिवसांनी रिसॉर्टवाल्याचा स्वतःहून फोन. आता फोन बरा लागत होता.

"मॅडम, पर्सनल घेऊ नका, बिझनेस आहे. नव्या लॉबीचं ओपनिंग जवळ आलंय, भिंत रिकामी आहे. पंचवीस देतो, विषय संपवू."

"तुमची बोली साठची होती."

"ती बाय मिस्टेक लागली हो."

"आणि अकराची?"

पलीकडून फोन बंद झाला.

वेबसाइट बंद होती, पण तोंड बंद नव्हतं. माझी आई डहाणूच्या खाडीवर म्हावऱ्याचा लिलाव पुकारायची. तिला ना अकाउंट होतं, ना मॅनेजर. तिच्या मुलीने एका चित्राचा लिलाव करायला कुणाची परवानगी कशाला मागायची? मी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर लिलाव. अट एकच: कॅमेरा चालू ठेवायचा, नाव-गाव सांगायचं, मगच बोली. ज्याची बोली लागेल त्याने कॉल चालू असतानाच पैसे पाठवायचे.

पाड्यावर रेंज नसते. म्हणून रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीजवळ चित्र दोन बांबूंवर ताणलं. चौघी बाजूला बसल्या. स्क्रीनवर वीसेक चेहरे आले. नाशिकची एक शिक्षिका, बोर्डीचा एक चिकूबागायतदार, ठाण्याची एक डॉक्टर. एक चौकट काळी होती.

"काळ्या चौकटीतले साहेब, कॅमेरा चालू करा."

कॅमेरा चालू झाला. मागे नव्या लॉबीची रिकामी भिंत होती. कुणीतरी लिंक पुढे पाठवली असणार.

बोली पंधरापासून सुरू झाली. शिक्षिका वीसला थांबली. बागायतदार आणि डॉक्टर चढत गेले. डॉक्टरच्या चौतीसवर बागायतदाराने हात जोडले.

"चाळीस," रिसॉर्टवाला म्हणाला.

खाडीवर एक रीत होती. बोली लावून टोपली न उचलता गेलेला माणूस परत आला, तर आई त्याच्याशी भांडायची नाही, त्याला हाकलायचीही नाही. तिला त्याची बोली ऐकूच यायची नाही. तो ओरडत राहायचा आणि लिलाव त्याच्याशिवाय चालू राहायचा. लहानपणी मला त्या माणसाची दया यायची.

"चौतीस एक वार," मी म्हणाले.

"मी चाळीस म्हटलं, मॅडम."

"चौतीस दोन वार."

"पन्नास. आत्ता पाठवतो, तुम्ही नंबर द्या फक्त."

पन्नास हजार. चौघींमध्ये वाटले तर प्रत्येकीच्या घरात किती मोठा फरक पडला असता ते मला नीट माहीत होतं. आणि पैसे माझे नव्हते. मी फोन जरा बाजूला धरून मावशीकडे पाहिलं. "मावशी, पन्नास म्हणतोय."

मावशीने कानामागे हात नेला. "कोण? मना तर काय ऐकू नाय आला."

बाकीच्या तिघी पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"चौतीस तीन वार," मी म्हणाले. "ठाण्याच्या डॉक्टरबाई, चित्र तुमचं."

पैसे कॉल चालू असतानाच आले. रिसॉर्टवाला शेवटपर्यंत काहीतरी बोलत होता. मी त्याला म्यूट केलं नाही, जो ऐकूच येत नाही त्याला म्यूट कशाला करायचं.

महिन्याभराने एक व्यापारी पाड्यावर आला. त्याने मोबाइल काढायच्या आधीच मावशीने त्याला चौतीसचा आकडा सांगितला. तो कुरकुरला, पण त्याच्या खाली त्याला उतरता आलं नाही. रिसॉर्टच्या लॉबीत आता वारली नाचाचा फ्लेक्स लावलाय. माझं अकाउंट तीन महिन्यांनी सुरू झालं. तो माणूस तिथे अजून प्रीमियम बायर आहे आणि माझ्या नावापुढे लाल मार्क आहेत. ऑनलाइन विकणाऱ्या बायका मला विचारतात की काय शिकलीस. मी सांगते, डिपॉझिट आधी घ्या, तोंड बघून घ्या, आणि बुडव्या परत आला तर त्याच्या आकड्याकडे बघू नका. तो नेहमी मोठाच असतो.